ऑक्टेव्हिया बटलरच्या वहीतलं पान आणि ‘मात केली’ हे क्रियापद

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने तिचा संशोधन आराखडा वाचायला दिला. विषय चांगला होता: कथालेखकांची आत्मशंका, आणि ती त्यांच्या डायऱ्या-पत्रांमध्ये कशी दिसते. ती स्वतः कथा लिहिते. दोन कथा दिवाळी अंकांकडून परत आल्या, तिसरी तिने अजून कुणालाच पाठवलेली नाही. हे आराखड्यात नव्हतं, पण विषय कुठून आला ते मला कळलं. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: अमेरिकन विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर हिने प्रखर आत्मविश्वासाच्या जोरावर आत्मशंकेवर मात केली. पुरावा म्हणून एका वहीच्या पानाचा फोटो जोडला होता.

मी ‘मात केली’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘कधी?’

तिला ते खटकलं. ‘‘ताई, फोटोत तर सरळ दिसतंय ना!’’ म्हणाली. तोच फोटो तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेला आहे. आजची पोस्ट म्हणजे त्या ‘कधी?’चं जरा लांबलेलं उत्तर आहे. डायरी, वही, पत्रं असलं साहित्य घेऊन ज्यांना काम करायचंय, त्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं.

हे पान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. गेल्या दशकभरात ते प्रचंड फिरलं. वहीच्या कव्हरच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत बटलर लिहिते की ती बेस्टसेलर लेखिका होणार, तिची पुस्तकं मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या खपाच्या याद्यांमध्ये येणार. मग घर, आईवर आणि स्वतःवर चांगले औषधोपचार, गरीब कृष्णवर्णीय मुलांना शिकायला आणि लेखन कार्यशाळांना पाठवणं, हवी तेव्हा गाडी भाड्याने घेता येणं. अधूनमधून दोन छोट्या आज्ञा येतात. पहिली ‘तथास्तु’च्या जातीची. दुसरी मात्र कारकुनाला दिलेल्या हुकमासारखी, की हे काम मार्गी लाव. आज्ञा देणारी आणि घेणारी बाई एकच. सोबतच्या मजकुरात बहुतेक वेळा असं असतं: हॉटेलात भांडी घासणारी एक गरीब मुलगी, तिने स्वप्न लिहून ठेवलं, आणि बघा, ते खरं झालं.

आता तारीख. पान १९८८ सालचं आहे. बटलरचा जन्म १९४७चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा. म्हणजे हे लिहिताना ती चाळिशीत होती. ‘पॅटर्नमास्टर’ ही पहिली कादंबरी १९७६ साली आली. आज अमेरिकेत अभ्यासक्रमांमध्ये सर्रास लावली जाणारी ‘किंड्रेड’ १९७९ची. १९८८ साल उजाडेपर्यंत तिच्या सात कादंबऱ्या छापून झाल्या होत्या, आठवी त्याच वर्षी आली. १९८४ मध्ये ‘स्पीच साउंड्स’ या कथेला ह्यूगो पुरस्कार, पाठोपाठ ‘ब्लडचाइल्ड’ला नेब्युला आणि ह्यूगो दोन्ही. विज्ञानकथेच्या जगात यापेक्षा मोठे पुरस्कार नाहीत.

म्हणजे हे धडपडणाऱ्या नवोदित मुलीचं पान नाही. दोन ह्यूगो मिळालेल्या, आठ कादंबऱ्यांच्या लेखिकेचं आहे.

आणि हे शोधायला चरित्रही उघडावं लागत नाही. पानातच खुणा आहेत. ‘इमागो’नंतरची पुस्तकं याद्यांमध्ये येतील असं ती लिहिते. ‘इमागो’ १९८९ची, त्या मालिकेतली तिसरी. पुढे म्हणते की आणखी एखादा पुरस्कार मिळो न मिळो. ‘आणखी’ हा शब्द आधी मिळालेला माणूसच वापरतो. आमच्या एका सरांचं लाडकं वाक्य आहे, ‘‘आधी तारीख, मग अर्थ.’’ आम्ही त्यावर हसायचो. फोटो हजारो लोकांनी पुढे पाठवला, आणि फोटोतलाच हा शब्द बहुतेकांनी वाचला नाही.

एकदा तारीख जागेवर बसली की पानाचा सूर बदलतो. प्रकाशक पुस्तकाला जोर लावोत वा न लावोत, आगाऊ रक्कम मोठी मिळो वा न मिळो, असं ती लिहिते. यातली गाऱ्हाणी उलटी करून वाचा: प्रकाशकांनी जोर लावलेला नाही, रक्कम मोठी मिळालेली नाही. आईच्या औषधपाण्याची चिंता आहे. गाडीचंही असंच. बटलर गाडी चालवत नसे, बसने फिरायची, त्यामुळे पोस्टरवर गोड वाटणारी ती ओळ रोजच्या अडचणीची आहे. पान स्वप्नाचं आहे, पण निम्मं पान हिशेबाचं आहे. तिला ‘मी लिहू शकते का’ ही शंका त्या क्षणी असेलही, पण पानावर जी दिसते ती वेगळी: मी लिहीत राहीन, पण त्यावर आम्ही दोघी जगू शकू का? या दोन शंकांना एकाच शब्दाखाली घालणं ही आराखड्यातली पहिली चूक होती. एकीवर आत्मविश्वास हे औषध असू शकेल. दुसरीवर मानधन.

पहिल्या शंकेचं मूळ बघायचं तर तिच्या ‘पॉझिटिव्ह ऑब्सेशन’ या आत्मपर निबंधाकडे जावं लागतं. तो ‘ब्लडचाइल्ड अँड अदर स्टोरीज’ या १९९५च्या संग्रहात आहे. लहान लहान क्रमांकित तुकड्यांमध्ये लिहिलेला, साधा, जवळजवळ कोरडा. मला तो फार आवडतो, आणि पुढे त्यातल्या एका गोष्टीवर टीकाही करणार आहे.

निबंधातला कळीचा प्रसंग असा. तेरा-चौदा वर्षांची मुलगी नात्यातल्या एका मोठ्या बाईला सांगते की मला लेखिका व्हायचंय. बाई प्रेमाने सांगतात की आपल्या लोकांना ते जमत नसतं. आपले लोक म्हणजे कृष्णवर्णीय. मुलगी वाद घालते, पण तिच्याकडे उदाहरण नाही. तोवर तिने वाचलेल्यात, तिला माहीत असलेलं, कृष्णवर्णीय माणसाने लिहिलेलं काहीच नव्हतं. आणि समोरची बाई मोठी, जग बघितलेली. तिचं खरं असलं तर?

इथे थांबून विचार करा. ही शंका ‘मनाचा कमकुवतपणा’ आहे का? मला तर ती त्या मुलीने उपलब्ध पुराव्यावरून काढलेलं अनुमान वाटते. तिने कपाट पाहिलं, कपाटात आपल्यासारखं कुणी नव्हतं, निष्कर्ष निघाला. अनुमान चुकीचं होतं कारण नमुना चुकीचा होता. कृष्णवर्णीय लेखक होतेच, तिच्या हाती लागलेल्या पुस्तकांत नव्हते. अशा शंकेला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ हे उत्तर पुरत नाही, तिला दुसरं कपाट दाखवावं लागतं. आपल्याकडे घरातली पहिली पदवीधर पिढी जेव्हा म्हणते की संशोधन आपल्यासारख्यांचं काम नाही, तेव्हा तेही बऱ्याचदा असंच अनुमान असतं. त्याला न्यूनगंड म्हणून मोकळं होणं सोपं असतं, एवढंच.

बटलरची आई लोकांच्या घरी कामं करायची. तिथे टाकून दिलेली पुस्तकं ती मुलीसाठी घरी आणायची. पुढे एका तथाकथित एजंटने मुलीची कथा वाचण्याचे पैसे मागितले तेव्हा त्याच आईने तेही दिले. महिन्याच्या घरभाड्याहून मोठी रक्कम, सगळी बुडाली. लेखनाच्या वाटेवरचं खचणं आपण फार आतलं, सूक्ष्म वगैरे समजतो. ते कधी कधी असं भाड्याच्या पैशांत मोजता येतं.

मग १९७० साली क्लॅरियन लेखन कार्यशाळा, तिथे शिकवायला सॅम्युअल डिलेनी. म्हणजे कपाटात नसलेला माणूस आता समोर, वर्गात. तिथून दोन कथा विकल्या गेल्या. एक १९७१च्या संग्रहात आली. दुसरी, ‘चाइल्डफाइंडर’, हार्लन एलिसनने आपल्या एका मोठ्या संकलनासाठी घेतली. ते संकलन बटलरच्या हयातीत निघालंच नाही. कथा वाचकांपर्यंत पोचली २०१४ साली, तिच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी! या दोन विक्रींनंतर पाच वर्षं एकही शब्द विकला गेला नाही. भांडी घासणं, फोनवरून वस्तू विकणं, बटाट्याच्या वेफर्समधले खराब वेफर्स निवडणं अशी कामं, आणि पहाटे दोनला उठून लिहिणं.

आता माझी तक्रार. निबंधात ही पाच वर्षं फार झटकन संपतात. त्या काळात कागदावर काय बदलत होतं, हे त्यातून कळत नाही. १९७०चं लेखन आणि १९७५चं लेखन यांत फरक कशामुळे पडला? चिकाटीमुळे, असं निबंध सुचवतो. पण चिकाटीने तीच चूक पाच वर्षं करत राहणारेही असतातच की (मी स्वतः एक प्रकरण तीन वेळा तसंच्या तसं वाईट लिहिलंय). हा दोष बटलरचा कमी आणि प्रकाराचा जास्त आहे. यशानंतर लिहिलेल्या आठवणींना शेवट माहीत असतो. त्यामुळे मधलं सगळं खचणं ‘शेवटाआधीचं’ म्हणून दिसतं. ते जगताना त्याला शेवट नव्हता. म्हणून आत्मशंकेवर काम करताना आठवणींचा निबंध आणि त्या त्या दिवशीची वही हे दोन वेगळे पुरावे म्हणून धरायचे. एकाची भर दुसऱ्यात घालायची नाही.

तरीही बटलर सोप्या गोष्टीला बळी पडत नाही, याचा एक छान पुरावा आहे. हा लेख प्रथम १९८९ मध्ये ‘इसेन्स’ मासिकात आला, म्हणजे त्या वहीच्या पानानंतर वर्षभराने. मासिकाने शीर्षक दिलं होतं ‘लेखिकेचा जन्म’ अशा अर्थाचं. ते आपल्याला कधीच आवडलं नाही, आपलं शीर्षक पहिल्यापासून ‘पॉझिटिव्ह ऑब्सेशन’च होतं, असं तिने पुस्तकात नोंदवलंय. फरक बघा. जन्म एकदाच होतो आणि होऊन जातो. ऑब्सेशनला पूर्णविराम नसतो. निबंधात ती त्याचा अर्थ साधारण असा लावते की भीती आणि शंका भरलेल्या असतानाही थांबता न येणं. आणि ते धोक्याचं आहे हेही सांगते. शंका जाते, असं ती कुठेच म्हणत नाही. मासिकाला जन्मकथा हवी होती, आपल्याला पोस्टर हवं होतं. जिचा हा अनुभव आहे ती दोन्हीला नकार देते.

त्याच संग्रहात ‘फ्युरोर स्क्रिबेंडी’ नावाचा छोटा लेख आहे. नाव लॅटिन, अर्थ लिहिण्याचं वेड. हा मूळ नवोदित विज्ञानकथालेखकांच्या एका वार्षिक संग्रहासाठी लिहिलेला. वाचा, रोज लिहा, पुन्हा लिहा, पाठवा. स्फूर्तीची वाट बघू नका, सवय जास्त भरवशाची. प्रतिभेची चिंता सोडा. उपयोगी आहे, पण मला निबंधापेक्षा दुबळा वाटतो, कारण यात अपयशाची शक्यताच नाही. सवय लावली की पुस्तक पूर्ण होतं, असा एकूण सूर. आणि नेमकं हेच पुढे तिच्याच आयुष्यात खोटं ठरलं.

बटलरने आपले कागद कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाला दिले. आठ हजारांहून अधिक नोंदी आहेत, शिवाय खोकी. २०१३च्या अखेरीस ते संशोधकांना खुले झाले. मी तिथे गेलेले नाही. माझं वाचन ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेल्या पानांवर आणि दोन पुस्तकांवर आधारलेलं आहे. एक जेरी कॅनव्हनचं २०१६चं ‘ऑक्टेव्हिया ई. बटलर’, दुसरं लिनेल जॉर्जचं २०२०चं ‘अ हँडफुल ऑफ अर्थ, अ हँडफुल ऑफ स्काय’. जॉर्ज रोजच्या जगण्याच्या जवळ जाते: याद्या, हिशेब, स्वतःशी केलेले करार. कॅनव्हनचं लक्ष न झालेल्या पुस्तकांवर आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी तेच जास्त मोलाचं.

‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३) आणि ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’ (१९९८) यांच्यानंतर तिसरी कादंबरी यायची होती, ‘पॅरेबल ऑफ द ट्रिकस्टर’. माणसं पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर गेली आहेत. ग्रह राखाडी, नीरस, आणि आलेल्यांना आल्याचा पश्चात्ताप होतोय. कॅनव्हनने या कादंबरीच्या सुरुवाती पाहिल्या. अनेकवचन मुद्दाम वापरलंय. डझनांनी सुरुवाती आहेत. काही दोन-तीन पानांत विझतात, काही वीस-तीस पानांपर्यंत जातात. पुन्हा पहिल्यापासून. कधी सगळ्यांना भास होतात, कधी सगळे आंधळे होत जातात, पण गोष्ट त्या ग्रहावरून पुढे सरकत नाही.

आता ही कोण आहे ते आठवा. १९९५ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळालेली, तीही मिळवणारी पहिली विज्ञानकथाकार. पाच वर्षांत मिळून २,९५,००० डॉलर. म्हणजे वहीतल्या पानावरची पैशाची शंका बरीचशी मिटलेली. सवय तीस वर्षांची. कार्यशाळांमध्ये शिकवणारी, मान मिळालेली. सवय होती, पैसा होता, नाव होतं, आणि कादंबरी होत नव्हती. ढासळती तब्येत आणि औषधांचा परिणाम हेही कारणांमध्ये होतं. शेवटी तिने ते बाजूला ठेवून रक्तपिपासूंवरची ‘फ्लेजलिंग’ लिहिली, ती २००५ मध्ये आली. २४ फेब्रुवारी २००६ रोजी ५८व्या वर्षी ती गेली. ‘ट्रिकस्टर’ खोक्यांमध्येच राहिली.

आणि ते वहीतलं भाकीत? ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत आली सप्टेंबर २०२० मध्ये. तिच्या मृत्यूनंतर साडेचौदा वर्षांनी. मुलांना कार्यशाळेला पाठवायचं होतं, ते तिच्या नावाच्या शिष्यवृत्तीतून होतंय, पण तीही तिच्या पश्चात इतरांनी सुरू केली. ‘लिहून ठेवलं आणि खरं झालं’ या वाक्यात एवढं सगळं गिळलं जातं.

हे ऐकून ज्युनिअर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे शेवटी शंकाच जिंकली?’’ 

नाही. तेही वाक्य तितकंच चुकीचं आहे, फक्त उलट्या बाजूने. इथे मला ‘सर्व्हायव्हर’ आठवते. ही तिची १९७८ची कादंबरी, छापलेली, वाचली गेलेली. बटलरने नंतर ती नाकारली. आपली ‘स्टार ट्रेक’ कादंबरी म्हणून तिची टर उडवायची, आणि हयातभर पुन्हा छापू दिली नाही. इथे शंका आहेच, पण ती ‘मी लेखिका आहे का’ ही नाही. ‘हे पुस्तक बरं आहे का’ ही आहे, आणि उत्तर तिने स्वच्छ ‘नाही’ असं दिलं. ‘ट्रिकस्टर’च्या विझलेल्या सुरुवातींमध्ये या दोन्ही शंका एकमेकींत गुंतल्या असणार. कुठलं पान भीतीने सोडलं आणि कुठलं चांगल्या कानाने? आराखड्याला हा प्रश्न पुरेसा आहे, खरं तर भारीच आहे. ‘मात केली की नाही’ यात संशोधन नाही. कुठल्या दिवशी, कुठल्या मजकुराबद्दल, कुठली शंका, आणि तिने दुसऱ्या दिवशी कागदावर काय केलं, यात आहे.

मराठीत हे करायचं तर तिला जी. ए. कुलकर्णींच्या निवडक पत्रांचे खंड सुचवले आहेत. पण तिथे अडचण निराळी. वही स्वतःसाठी असते, पत्र कुणाला तरी लिहिलेलं असतं. स्वतःच्या लेखनाबद्दल पत्रात आलेला कमीपणा किती शंकेचा, किती संकोचाचा आणि किती समोरच्या माणसाशी असलेल्या नात्याचा, हे पत्र कुणाला आहे ते बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. शिवाय खंड ‘निवडक’ आहेत. निवड कुणीतरी केली आहे, त्यामागची कारणं तपासणं हेही कामच.

काल तिने आराखड्याचा नवा खर्डा पाठवला. ‘मात केली’ काढलंय. त्या जागी ‘हाताळली’ लिहिलंय, ते मला अजून पटलेलं नाही आणि तिलाही नाही, त्यामुळे सध्या तिथे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे. भिंतीवरचा फोटो तसाच आहे. खाली तिने बारीक अक्षरात १९८८ लिहिलंय. तिसरी कथा वाचायला दे म्हटलं तर म्हणाली, आधी सबमिशन होऊ दे. मी म्हटलं, सबमिशन वीस तारखेला आहे, एकवीसला दे.